थंड शेगडीतला धूर

माझ्या धाकट्या दिरांना गल्लीत सगळे 'सबुरी' म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट, हाक कानावर आली की ते मान जरा ताठ करूनच वळत. हे नाव पडलं लॉण्ड्रीत. इस्पितळांच्या चादरी, गाऊन आणि टॉवेल धुणारी ती मोठी लॉण्ड्री होती, आणि तिथल्या बॉयलरवर भाऊजींनी मिसरूड फुटल्यापासून केस पांढरे होईपर्यंत काम केलं. नवा माणूस आला की वाफ लवकर चढावी म्हणून भट्टीत लाकडं कोंबायचा. मग भाऊजी त्याचं मनगट धरून म्हणायचे, "सबुरी. आगीला घाई दाखवलीस की ती तुझ्या डोक्यावर बसते."

बॉयलरच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे त्यांचे कान मंद झाले होते आणि आवाज मोठा. कुजबुजले तरी समोरच्या घरात ऐकू जाई. जाऊबाई म्हणायच्या, "आमच्याकडे गुपित म्हणजे काय, तर जे अजून ह्यांना कळलेलं नाही ते."

लॉण्ड्रीत गॅसचे बॉयलर आले आणि भाऊजींना निवृत्त केलं. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. जाऊबाईंनी ते टांगलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वेळ दिला, पण त्याचं करायचं काय ते नाही सांगितलं." भाऊजींनीही तो प्रश्न फार दिवस अंगावर ठेवला नाही. लॉण्ड्रीची आग हातातून गेली होती, तेव्हा ते घरच्या शेगडीकडे वळले.

आमचं घर दुमजली आणि भाड्याचं. खाली भाऊजी आणि जाऊबाई, वर आम्ही दोघं. स्वयंपाकाला गॅस होता, पण थंडीत ऊब यायची ती लाकडाच्या लोखंडी शेगडीची. खाली एक आणि वर एक, अशा दोन शेगड्या. दोन्हींची नळकांडी भिंतीतल्या एकाच चिमणीत शिरत आणि दोघांचा धूर एकाच वाटेने छपराबाहेर जाई. ही गोष्ट आम्हाला सगळ्यांना माहीत होती. घराला जिने किती आहेत हे माहीत असतं, तशी माहीत होती. तिचा विचार कोणी करत नव्हतं.

भाऊजींनी खालच्या नळकांड्यात एक झडप बसवली. टाकून दिलेल्या बॉयलरचा पत्रा कापला, कानशीने घासून गोल केला, मध्ये सळई घातली आणि बाहेर पितळेची मूठ लावली. मूठ उभी असली की नळकांडं मोकळं. आडवी केली की जवळजवळ बंद. नळकांडं मोकळं असलं की चिमणी जोरात ओढते, शेगडीत हवा घुसते आणि लाकूड भराभर जळून जातं. झडप आवळली की ओढ कमी होते आणि तेच लाकूड पडल्या पडल्या धुमसत राहतं. संध्याकाळी ते एक जाड ओंडका आत सरकवत, राखेने बाजू लिंपत, मूठ आडवी करत आणि हात झटकत. सकाळी राख बाजूला केली की खाली लालबुंद निखारा. काडी नाही, कागद नाही, फुंकणं नाही.

गल्लीतले लोक तो निखारा बघायला येऊ लागले. भाऊजी चिमट्याने राख अशी हळूच सारत की जणू बाळाच्या तोंडावरचं पांघरूण काढत आहेत. जाऊबाई चहा देता देता म्हणायच्या, "लोक पाहुण्यांना नातवंडं दाखवतात, आम्ही निखारा दाखवतो." बऱ्याच जणांनी भाऊजींकडून तशाच झडपा करून घेतल्या. लाकूडवाला एकदा दारातच उभा राहिला. "सबुरीकाका, सगळी गल्ली शिकली तर माझ्या पोरांनी खायचं काय?"

"तुझी पोरं बघितलीत मी," भाऊजी म्हणाले. "थोडं कमी खाल्लं तर बिघडणार नाही."

त्या झडपेच्या आधीच्या उन्हाळ्यात आमचे हे गेले होते.

वरची शेगडी हे त्यांचं खातं होतं. लग्नापासून मी तिला हात लावला तो फक्त शेकायला. मी ऑफिसातून येईपर्यंत ह्यांनी ती पेटवलेली असे. त्यामुळे थंडी सुरू झाल्यावर पहिल्यांदा शेगडीसमोर गुडघे टेकून बसले, तेव्हा मला ह्यांच्या जागेवर बसल्यासारखं वाटलं. मी सगळं आठवून आठवून केलं. खाली कागद, त्यावर बारीक ढलप्या, त्यावर मध्यम लाकूड. काडी लावली. ज्योत उठली, जरा थरथरली आणि खोलीत धूर आला. थोडाथोडका नव्हे. पडदे, पुस्तकं, पलंगावरची चादर, सगळं त्या धुरात गेलं. मी खिडक्या उघडल्या तर ऊब जायची, मिटल्या तर डोळे चुरचुरायचे.

भाऊजी दार न वाजवता आत यायचे. भावाचं घर, दार कशाला वाजवायचं! "काय वहिनी, इंजिन स्टेशनात आलं वाटतं!" मग माझ्या लाकडांच्या ढिगातलं एक उचलून दोन्ही हातांनी तोलायचे. "ओलं."

"तुमच्या लाकडांबरोबरच घेतलंय, भाऊजी. त्याच हातगाडीतून."

"मग ठेवता कशी? अहो, कॉन्व्हेंटमध्ये चमचा ताटाच्या कोणत्या बाजूला ठेवायचा ते शिकवलं, लाकूड कुठे ठेवायचं ते राहिलंच वाटतं!"

हे वाक्य त्यांना फार आवडायचं. ते हसायचे आणि मीही हसायचे. खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्याशी मस्करी करणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

पण सर्वांत जास्त लाज आणणारी गोष्ट वेगळी होती. त्यांनी पेटवली की शेगडी पेटायची. सकाळी ते वर यायचे, माझ्याच ढलप्या, माझाच कागद, एक काडी, की झरझर ज्वाळा चढायच्या. धुराचं नाव नाही. "बघा," ते म्हणायचे. "यात काय आहे?" मी मान हलवायचे. संध्याकाळी मी अगदी त्यांच्यासारखंच करायचे आणि पुन्हा धूर. सकाळी वर येण्याआधी ते खालची झडप उघडून आपला निखारा फुलवत असत आणि चिमणी तापलेली असे, हे तेव्हा ना त्यांच्या डोक्यात होतं ना माझ्या. मला एवढंच दिसायचं की शेगडी तीच, लाकूड तेच, फक्त हात बदलले की धूर होतो. म्हणजे दोष हातांचा.

आपल्या अंगाला वास येतो हे आपल्याला उशिरा कळतं. वाचनालयात पुस्तकं देणारी बाई एकदा मला म्हणाली, "कुठे काही जळतंय का हो?" आणि खिडकीतून बाहेर डोकावली. मी पुस्तक न घेताच निघाले. समोरचे रिटायर्ड मास्तर एका संध्याकाळी पाण्याची बादली घेऊन जिना चढले. मी दार उघडल्यावर बादली खाली ठेवून म्हणाले, "असू दे, असू दे. घाबरलो म्हणून आलो." त्यांचा सदरा भिजला होता आणि माफी तेच मागत होते. मुलाकडे गेले तर नात मांडीवर बसली, नाक माझ्या पदराला लावलं आणि लगेच उतरली. "आजी, तू धुरासारखी झालीस." सूनबाईंनी तिला दटावलं. दटावलं नसतं तर बरं झालं असतं.

लहानपणापासून मला दिवसाचं दिवसाला लिहून ठेवायची सवय आहे. सिस्टरांनी लावलेली. त्या थंडीत वहीतसुद्धा धुराचं लिहायची मला लाज वाटू लागली. 'हवा थंड. शेगडी पेटवली.' एवढंच लिहायचे.

मग एका दुपारी जिन्यात उभी असताना भाऊजींचा फोनवरचा आवाज ऐकला. ते दबक्या आवाजात बोलत होते, म्हणजे फक्त आमच्या घराला ऐकू येईल इतपत. "अरे, मला सांगायला बरं वाटत नाही, पण वहिनींच्यानं आता होत नाही. दादा होता तोवर ठीक होतं. वय झालं त्यांचं. एक दिवस घर पेटवून बसतील. तू येऊन घेऊन जा."

पलीकडे माझा मुलगा होता.

मला राग आला नाही. लोकांना वाटतं की अशा वेळी राग येतो. मला वाटलं, खरंच तर आहे. मी कठडा धरून उभी राहिले आणि खाली जाऊबाई म्हणत होत्या, "एवढ्या मोठ्यानं बोलायचं होतं तर फोन कशाला लावलात? खिडकी उघडायची."

मुलगा आला. चांगला मुलगा आहे, आवाज न चढवता बोलतो. महिनाअखेरीला खोल्या सोडायच्या, घरमालकाला तसं कळवायचं, माझी झोपायची सोय त्यांच्या हॉलमधल्या दिवाणावर. "आई, आमच्याकडे गरम हवेची सोय आहे. तुला काहीच करावं लागणार नाही." मी हो म्हटलं. मला जायचं नव्हतं. ह्यांची खुर्ची, खिडकीखालचं टेबल, जिन्याची ती एक करकरणारी लाकडी पायरी, हे सोडून मला कुठेही जायचं नव्हतं. पण धुराचा वास येणाऱ्या बाईने हट्ट कोणत्या तोंडाने करायचा?

निघायच्या आदल्या दिवशी मी शेगडी साफ केली. राख काढली, आतून ब्रशने घासली, बाहेरून ओल्या फडक्याने पुसली. पुन्हा पेटवायची नव्हती. दुसऱ्या दिवशी परकी होणारी वस्तू निदान स्वच्छ असावी. मग दोन स्वेटर चढवून खोक्यांच्या मध्ये बसून राहिले. मुलगा संध्याकाळी येणार होता आणि जेवण सगळ्यांचं खाली होतं. खाली गॅसचे चारही बर्नर पेटलेले, स्वयंपाकघर तापलेलं, म्हणून भाऊजींनी त्या दिवशी लवकरच ओंडका घालून झडप आवळून टाकली होती. बाहेर वारा अजिबात नव्हता.

थोड्या वेळाने मला खोली अंधुक दिसू लागली. वाटलं, डोळेच गेले आता, तेवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात भाऊजी खोकी बांधायला सुतळी घेऊन वर आले. दारातच थांबले. "वहिनी! अहो, आज शेवटच्या दिवशी तरी! इंजिन—"

"मी पेटवलेलीच नाही, भाऊजी."

"मग हा धूर काय भिंतीतून येतोय?"

ते तरातरा शेगडीजवळ गेले आणि दार उघडलं. आत काहीच नव्हतं. लोखंड चकचकत होतं. त्यांनी हात आत घातला, तळाला लावला, बोटं डोळ्यांसमोर धरली. बोटं स्वच्छ होती. आणि मागच्या भोकातून धूर येत होता, अगदी सावकाश, त्यांच्या मनगटावरून घसरून खोलीत उतरत होता.

ते तसेच गुडघ्यांवर राहिले. मग त्यांनी हुंगलं. कान गेले होते, नाक शाबूत होतं.

"निलगिरी," ते म्हणाले.

माझ्याकडे निलगिरीचं लाकूड कधीच नव्हतं. त्यांनी मात्र आठवड्यापूर्वी रस्त्यावर तोडलेल्या झाडाचा एक ओंडका उचलून आणला होता आणि गल्लीभर दाखवला होता.

ते उठले आणि खाली गेले. सुतळी खुर्चीवर राहिली. मला खालून पितळी मुठीचा कुरकुर आवाज आला, आणि शेगडीच्या तोंडाशी आलेला धूर आत ओढला गेला. दोरा सुईतून मागे खेचावा, तसा. पुन्हा कुरकुर. जरा वेळाने पुन्हा धूर. पुन्हा कुरकुर, पुन्हा मागे. त्यांनी असं किती वेळा केलं कोण जाणे. मग आवाज थांबला.

मी खोक्यांच्या मध्ये उभी होते आणि मला सगळं कळलं होतं. पहिली भावना आनंदाची असायला हवी होती. तशी ती नव्हती. गुडघ्यांवर बसलेल्या त्या माणसाची पाठ मी बघितली होती. कोणाची पाठ अशी दिसू नये.

मला वाटलं, जेवताना बोलतील. भाऊजींनी ताटातून मान वर केली नाही. मुलगा आपला सरळपणाने म्हणाला, "काकांनी फोन केला म्हणून तरी कळलं. नाहीतर आई कधी सांगणारच नव्हती." भाऊजींचा घास तोंडाशी थांबला आणि परत ताटात गेला.

जाऊबाईंना काही माहीत नव्हतं. "आज सबुरी फारच वाढलीय," त्या म्हणाल्या. "तोंडाचीसुद्धा झडप लावलीय."

भाऊजी उठले. हात धुवायला गेले ते बराच वेळ नळाशीच उभे राहिले. आम्हाला पाणी वाहताना ऐकू येत होतं.

मीही बोलू शकले असते. पण ते ज्यांनी बोलायचं होतं त्यांनीच बोलायला हवं होतं. पुतण्यासमोर, बायकोसमोर, स्वतःच्या ताटावर त्यांना उघडं पाडून मला माझ्या खोल्या परत नको होत्या. तशा मिळाल्या असत्या तर रोज त्यांच्या दारावरून जिना कशी चढले असते? आणि ते बोलले नाहीत तर मी जाणार, हेही मला माहीत होतं. मुलगा निघाला तेव्हा म्हणाला, "सकाळी टेम्पो घेऊन येतो."

सकाळी टेम्पो आला. हमालाने पहिलं खोकं खांद्यावर घेतलं आणि तो जिना उतरू लागला. खाली भाऊजी आडवे उभे होते.

"ठेव ते."

"काका, वाट द्या. जड आहे." हमाल म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय, ठेव."

मुलगा मागून उतरला. "काय झालं, काका?"

भाऊजींनी एकदा वर माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. आणि बोलू लागले. हळू बोलायचा त्यांनी प्रयत्न केला, हे मला दिसत होतं. पण त्यांना हळू बोलता येत नव्हतं. दार उघडं होतं, टेम्पोवाला दारात, समोर मास्तर पेपर घेऊन ओट्यावर, लाकूडवाल्याची हातगाडी कोपऱ्यावर. सगळ्यांना ऐकू गेलं.

"धूर तुझ्या आईचा नाही. माझा आहे."

"म्हणजे?"

"माझा म्हणजे माझा. लॉण्ड्रीत एका चिमणीवर दोन बॉयलर होते. मी माझी झडप कितीही आवळली तरी शेजाऱ्याला त्रास नव्हता, कारण वर पंखा होता. धूर ओढून न्यायचा. जन्मभर तेच केलं. इथे पंखा कुठाय? इथे चिमणी गरम असली तरच ती ओढते. मी रोज संध्याकाळी तिला थंड पाडत होतो. आग धुमसत ठेवायची, लाकूड वाचवायचं. मग तो थंड धूर वर चढेना, मधेच वहिनींच्या शेगडीतून बाहेर पडायचा. आणि मी सकाळी वर जाऊन त्यांनाच शिकवायचो. काल त्यांची शेगडी विझलेली होती. रिकामी होती. तरी धूर येत होता. माझ्या लाकडाचा."

मुलगा गोंधळला. "कालच कळलं? मग काल जेवताना..."

"हो. काल जेवताना मला माहीत होतं." भाऊजींचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. "बोललो नाही."

जाऊबाई पदराला हात पुसत दारात आल्या होत्या. नवऱ्याला चिमटा काढायची एवढी मोठी संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. त्या काहीच बोलल्या नाहीत.

"बरं, धुराचं ठीक आहे," मुलगा म्हणाला. "पण आईचं वयही—"

"वयाचंही मीच सांगितलं होतं तुला. खोटं सांगितलं."

"खोटं नाही, भाऊजी," मी वरून म्हटलं. "चुकलं तुमचं."

"ज्याला घर सोडावं लागतं त्याला त्यात काय फरक पडतो?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. "आई, तुला काय करायचंय?"

इतक्या दिवसांत हे त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. "खोकं वर आणायचंय," मी म्हटलं.

हमाल म्हणाला, "उतरवायचे ठरले होते. चढवायचे वेगळे पडतील." त्यावर सगळे जरा जास्तच हसले. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी ते खोकं स्वतः उचललं आणि पायरी पायरीने वर आणून ह्यांच्या खुर्चीशेजारी ठेवलं.

चिमणी साफ करायला माणूस बोलावला. धुमसत्या आगीचा धूर चिमणीच्या आतल्या अंगाला डांबरासारखा चिकटतो आणि वाळून काळी चमकदार खपली होते. तशा खपल्यांची बादली भरली. तो माणूस म्हणाला, "आणखी थोडे दिवस असं चाललं असतं तर ही पेटली असती. मग घर गेलं असतं." घर पेटवून बसतील, हे कोण कोणाबद्दल म्हणालं होतं ते खोलीत आम्हा तिघांना आठवत होतं. भाऊजींनी बादली उचलली, कोणाला हात लावू दिला नाही, आणि भर सकाळी गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीपर्यंत घेऊन गेले.

मग त्यांनी एक काम केलं, जे मला आजही त्यांच्या बॉयलरच्या सगळ्या कामापेक्षा अवघड वाटतं. ज्यांना ज्यांना झडपा करून दिल्या होत्या त्या प्रत्येकाच्या दारात ते गेले. "मी चुकीचं शिकवलं. आधी नळकांडं पूर्ण मोकळं ठेवा, चिमणी चांगली तापू द्या. मग अर्धीच आवळा. ज्योत दिसली पाहिजे. नुसतं धुमसायला लागलं की समजा, जास्त आवळली. लाकूड वाळलेलं घाला, तेच खरं जास्त टिकतं." कोणी हसलं, कोणी म्हणालं आमचं तर छान चाललंय. एका घरात म्हणे सुनेने सासूकडे बघितलं आणि सासूने दुसरीकडे. लाकूडवाला मात्र म्हणाला, "काका, पोरांचं जेवण परत आलं!" भाऊजींनी त्याला उलट उत्तर दिलं नाही. तो बिचारा घरी येऊन जाऊबाईंना विचारून गेला, काकांची तब्येत बरी आहे ना?

त्यांची आग आता सकाळपर्यंत टिकत नसे. निखारा बघायला येणारे बंद झाले. रोज सकाळी ते रस्त्यावर जाऊन मान वर करून छपराकडे बघत उभे राहायचे. धूर पांढरा, दाट आणि जड दिसला की धावत घरात जाऊन मूठ उभी करायचे. हवेत विरून दिसेनासा झाला की मगच चहाला बसायचे. गल्लीतल्या नवीन भाडेकरूंना वाटायचं म्हातारा कबुतरं मोजतोय. आणि 'सबुरी' म्हणून कोणी हाक मारली तर ते वळेनासे झाले. लोकांना वाटलं, कान आणखी गेले.

माझी शेगडी एका काडीत पेटू लागली. संध्याकाळीसुद्धा. पडदे धुतले, नात मांडीवर बसून राहू लागली. पण भाऊजी वर येताना दार वाजवू लागले. उघडं असलं तरी वाजवायचे आणि बाहेर थांबायचे. "वहिनी, येऊ का?" आत आले तर खुर्चीच्या कडेवर बसायचे. शेगडीकडे बघायचे नाहीत, लाकूड उचलून तोलायचे नाहीत. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "भाऊजी, बघा बरं, नीट रचलंय का?" तर म्हणाले, "तुम्हाला जास्त कळतं." हे त्यांनी उपहासाने म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं.

एकदा जाऊबाई माझ्याजवळ म्हणाल्या, "ह्यांना एकदा तुम्ही खडसावून का नाही बोललात? मनातलं जाईल तरी." मी प्रयत्न केला होता. पण आरशासमोर उभं राहून रागवण्यासारखं व्हायचं ते. धूर माझा म्हणून मी किती खाली मान घालून वावरले होते ते मला माहीत होतं, आणि आता तीच मान मला त्यांच्या खांद्यांवर दिसायची.

अशी ती थंडी गेली आणि पुढची आली. त्या थंडीतली ही शेवटची गोष्ट. मी मोठी चादर घरीच धुतली आणि बाहेर धुकं होतं म्हणून खोलीतल्या दोरीवर वाळत घातली. दोरीखाली काय आहे ते बघितलं नाही. संध्याकाळी शेगडी पेटवली आणि खोलीभर धूर झाला. अगदी पहिल्यासारखा.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दार उघडंच होतं, तरी भाऊजींनी ते वाजवलं. धाप लागली होती, चेहरा उतरला होता. "वहिनी, झडप मोकळी आहे. पूर्ण मोकळी. आत्ता हात लावून बघून आलो. शपथ सांगतो, मी नाही—"

"भाऊजी, लाकूड ओलं आहे."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"नाही हो. हात लावून बघा."

ते आत आले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझ्या ढिगातलं एक लाकूड उचललं. तोललं. दुसरं उचलून त्यावर आपटलं. टणक आवाज यायला हवा होता, तो भिजलेल्या चपलेसारखा आला. मग त्यांनी वर बघितलं. चादरीच्या टोकाला एक थेंब जमला होता. आमच्या दोघांसमोर तो लाकडांवर पडला.

ते चादरीकडे बघत राहिले. मग लाकडांकडे. मग माझ्याकडे.

"अहो वहिनी," ते म्हणाले. "कॉन्व्हेंटमध्ये..."

आणि थांबले. पुढचं वाक्य ओठांपर्यंत आलेलं मला दिसत होतं. त्यांनी ते गिळलं, लाकूड हळूच खाली ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेले. मी डोळे पुसत खिडकीकडे वळले.

जिना पुन्हा वाजला, या वेळी सावकाश आणि जड. त्यांच्या दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत कोरडी लाकडं होती. दार वाजवायला हात मोकळा नव्हता. त्यांनी पायानेच दार ढकललं आणि सरळ आत शिरले.

"काय वहिनी," ते लाकडांमागून ओरडले, "गाडी अजून स्टेशनातच?"

"ड्रायव्हर आत्ता आला," मी म्हटलं.